खेळाडूची शिदोरी

बास्केटबॉलचा खेळ १८९१ सालीं अमेरिकेंतील स्प्रिंगफील्ड येथें जेम्स नेस्मिथ नांवाच्या शिक्षकानें काढला. हिंवाळ्यांत विद्यार्थ्यांस छपराखालीं व्यायाम मिळावा, एवढाच त्याचा हेतु होता. आज त्याच खेळावर सहस्रावधि तरुण आपला चरितार्थ चालवूं इच्छितात. अमेरिकेंत वरच्या श्रेणीचे संघ बाळगणारीं महाविद्यालयें ३५० हून अधिक आहेत, पण एन. बी. ए. या तेथील सर्वांत मोठ्या व्यावसायिक मंडळाचे संघ अवघे ३०, व प्रत्येक संघांत जागा सुमारें १५. म्हणून पुष्कळ पदवीधर खेळाडू इटली, स्पेन, तुर्कस्तान, जपान अशा देशांची वाट धरतात. तेथें भाषा परकी, अन्न परकें, आणि गुडघा दुखावला कीं पुढील हंगामाची शाश्वती नाहीं.

असें बाहेर जाणें म्हणजे अपयश, असें कित्येक समजतात. आम्हांस तें मान्य नाहीं. परदेशीं जाऊन खेळण्यांत कमीपणा कसला? मात्र चेंडूखेरीज दुसरी कसलीच शिदोरी बरोबर न घेतां जाणें धोक्याचें आहे.

या बाबतींत बिल ब्रॅडली यांचें चरित्र विचार करण्याजोगें आहे. ते प्रिन्स्टन येथें शिकले. खेळाबद्दल शिष्यवृत्ति देण्याची तेथें चाल नव्हती. १९६४ सालीं टोकियोच्या ऑलिंपिक सामन्यांत सुवर्णपदक मिळविणाऱ्या अमेरिकन संघांत ते होते. १९६५ सालीं न्यूयॉर्कच्या निक्स संघानें त्यांची निवड केली. पैसा व कीर्ति दाराशीं उभीं असतां त्यांनीं ऱ्होड्स शिष्यवृत्ति पत्करली व ते ऑक्सफर्डास गेले. तरीहि त्यांनीं खेळ टाकला नाहीं. १९६५-६६ च्या हंगामांत ते इंग्लंडांतून विमानानें इटलींत जाऊन मिलान शहराच्या संघाकडून खेळत. १९६६ सालीं त्या संघानें बोलोन्या येथें प्रागच्या स्लाव्हिया संघास ७७-७२ असें हरवून युरोपचा चषक जिंकला. १९६७ सालीं ते निक्स संघांत दाखल झाले व दहा वर्षें खेळले. १९७० आणि १९७३ सालीं तो संघ अजिंक्य ठरला. मग दोन वर्षें थांबल्यानें त्यांचें काय बुडालें? पुढें १९७९ पासून १९९७ पर्यंत ते न्यू जर्सीचे प्रतिनिधि म्हणून अमेरिकेच्या सीनेटांत होते.

कोणी म्हणेल, ब्रॅडली असामान्य. सर्वांस ती बुद्धि कोठून यावी? हें खरें आहे, आणि म्हणूनच सामान्य खेळाडूस विद्येची गरज अधिक. ब्रॅडलींचा गुडघा मोडला असता, तरी त्यांचें शिक्षण लंगडें झालें नसतें. ज्याचें सारें भांडवल गुडघ्यांतच आहे, त्यानें अशा वेळीं कोणाकडे पाहावें?

सुज्ञ पालकांस आमची विनंति आहे कीं, ‘खेळ कीं अभ्यास’ असा पेंच त्यांनीं मुलांपुढें टाकूं नये. मैदानावरून ओढून आणलेल्या मुलाचें मन पुस्तकांत रमत नाहीं. आणि विद्यार्थिमित्रांनो, तुम्ही मन लावून खेळा, दूरदेशींहि खेळावयास जा. पण धडा उद्यांवर ढकलूं नका. अशा खेळाडूचा धंदा बहुधा पस्तिशीच्या आंतबाहेर आटोपतो, आणि तेव्हां निम्में आयुष्य अद्याप पुढें उभें असतें.