परत आणणाऱ्याचे मोठेपण

युद्ध म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे तलवार येते, तोफ येते, चौकातला घोड्यावरचा पुतळा येतो. सेनापती म्हणजे पुढे धावणारा आणि मोठा सेनापती म्हणजे शत्रूच्या मुलखात सर्वांत पुढे धावणारा, अशी आपली व्याख्या ठरून गेली आहे. वक्तृत्व स्पर्धेत 'आदर्श सेनानी' हा विषय निघाला की नेपोलियन, रोमेल, माँटगोमेरी ही नावे ठरलेली. मला मात्र येथे अशा एका माणसाविषयी लिहायचे आहे, की ज्याची सर्वांत मोठी कामगिरी माणसे मागे आणण्याची होती. आणि तीही त्याने खडूच्या कड्याच्या पोटातल्या भुयारात, टेलिफोन आणि नकाशे यांच्या गराड्यात बसून पार पाडली. ब्रिटिश नौदलातला हा अधिकारी म्हणजे ॲडमिरल बर्ट्राम रॅम्से. माझ्या मते दुसऱ्या महायुद्धातला तो एक फार मोठा सेनानी होता, आणि त्याचे नाव आपल्याला ठाऊक नसावे यात दोष आपल्या इतिहास वाचण्याच्या पद्धतीचा आहे.

रॅम्सेचा जन्म १८८३ चा. पंधराव्या वर्षी तो नौदलात शिरला. पहिल्या महायुद्धात त्याने डोव्हरच्या सामुद्रधुनीत काम केले. 'ब्रोक' या विनाशिकेचा तो कप्तान होता. इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यामधले ते चिंचोळे पाणी, त्यातले वाळूचे उथळ पट्टे, भरती-ओहोटीचे लहरी प्रवाह त्याला तेव्हापासून पाठ झाले. पुढे १९३५ मध्ये तो ॲडमिरल बॅकहाऊस याचा चीफ ऑफ स्टाफ झाला. बॅकहाऊस सगळी कामे स्वतःच्या हाताने करणारा. दुय्यम अधिकाऱ्याला काम उरेना. नुसते पद मिरवणे रॅम्सेला पटले नाही. त्याने आपल्याला या जागेवरून मोकळे करावे असे सांगितले. परिणाम व्हायचा तोच झाला. काही काळ बिनकामाचा बसून १९३८ मध्ये तो निवृत्तांच्या यादीत गेला. महायुद्ध तोंडाशी आले तेव्हा, १९३९ च्या ऑगस्टमध्ये, त्याला परत बोलावून डोव्हरचा व्हाइस ॲडमिरल नेमण्यात आले. वय छप्पन्न. म्हणजे आपल्याकडे माणूस पेन्शनचे कागद गोळा करू लागतो ते वय.

मे १९४० मध्ये जर्मन रणगाडे फ्रान्स तुडवत समुद्रापर्यंत आले. ब्रिटिश फौज, तिच्याबरोबर फ्रेंच आणि बेल्जियन सैन्य डंकर्क बंदराभोवती कोंडले गेले. २६ मेच्या संध्याकाळी 'ऑपरेशन डायनॅमो' सुरू करण्याचा हुकूम निघाला. दोन दिवस मिळतील, त्यात पंचेचाळीस हजार माणसे सुटली तरी पुष्कळ, असा तेव्हाचा अंदाज होता. ४ जूनपर्यंत सुटली ३,३८,२२६ माणसे.

हा आकडा आपण वाचतो आणि पुढचे पान उलटतो. आपल्याला वाटते, इंग्रजांचे नशीब चांगले होते, समुद्र शांत राहिला. समुद्र शांत राहिला हे खरे. पण शांत समुद्र माणसे उचलून आणत नाही. अडचणी पाहा. बंदर बाँबवर्षावाने मोडून पडले होते. किनारा इतका उथळ, की मोठे जहाज जवळ येऊ शकत नाही. सैनिक छातीएवढ्या पाण्यात रांगा धरून उभे. डोव्हरहून डंकर्कला जाणारी सर्वांत जवळची वाट ३९ सागरी मैलांची, पण ती कॅलेजवळच्या जर्मन तोफांच्या माऱ्यात आलेली. दुसरी वाट सुरक्षित वाटली, तर ती ८७ मैलांची. म्हणजे दुपटीहून अधिक वेळ, म्हणजे निम्म्याहून कमी खेपा. तेव्हा पाणसुरुंग काढून ५५ मैलांची तिसरी वाट मोकळी करण्यात आली. २७ मे रोजी, पहिल्या पूर्ण दिवशी, जेमतेम साडेसात हजार माणसे आली. हाच वेग राहिला असता तर डंकर्क हे नाव आज केवळ पराभवाचे म्हणून उरले असते.

रॅम्सेने कॅप्टन टेनंट याला किनाऱ्यावर पाठवले होते. बंदराच्या पूर्वेला लाटा अडवण्यासाठी बांधलेला, मैलाच्या जवळपास लांबीचा एक अरुंद धक्का होता. त्याला जहाजे लावावीत अशी त्याची बांधणीच नव्हती. टेनंटने एक जहाज लावून पाहिले, ते लागले. मग विनाशिका एकामागून एक तेथे येऊ लागल्या. लोककथेत डंकर्क म्हणजे कोळ्यांच्या आणि हौशी लोकांच्या लहान होड्या. त्यांचे धैर्य खरेच मोठे, किनाऱ्यावरून माणसे खोल पाण्यातल्या जहाजांपर्यंत नेण्याचे काम त्यांनीच केले. परंतु दोन-तृतीयांशाहून अधिक सैनिक बंदरातून, मुख्यतः त्या धक्क्यावरूनच, जहाजांत चढले. ३१ मे या एका दिवसात ६८ हजार माणसे इंग्लंडला पोचली. त्याच्या थोडे आधी लंडनच्या नौदल मुख्यालयाने नव्या बांधणीच्या विनाशिका भविष्यासाठी जपाव्यात म्हणून काढून घेतल्या होत्या. रॅम्सेने वरिष्ठांशी वाद घालून त्या परत मिळवल्या. तो वाद झाला नसता, तर त्या ६८ हजारांतले किती घरी गेले असते?

माझा मुद्दा येथे आहे. या साऱ्या कामात पराक्रम कोठे आहे, असे कोणी विचारील. जहाजे कोणत्या क्रमाने सोडायची, कोळसा-तेल कोठे भरायचे, थकलेल्या खलाशांच्या जागी कोणाला पाठवायचे, कोणती वाट रात्रीची आणि कोणती दिवसाची, हे तर कारकुनी काम! आपल्याकडे व्यवस्था पाहणाऱ्याला असेच कमी लेखतात. माझे वडील चौथी शिकलेले. गावच्या जत्रेतल्या महाप्रसादाची व्यवस्था बरीच वर्षे तेच पाहतात. दोन हजार पाने उठायची, तर लाकूड किती, पाणी कोणत्या विहिरीचे, पत्रावळी कोठे ठेवायच्या, पहिल्या पंगतीला बाहेरगावचे बसवायचे की म्हातारी-कोतारी, हे सगळे त्यांच्या डोक्यात असते. कागदावर एक अक्षर नसते. फलकावर नाव देणगीदाराचे, हार पाहुण्यांना. पंगत बिनतक्रार उठली की ती आपोआपच उठली असे सर्वांना वाटते. नीट झालेल्या व्यवस्थेचे हेच दुर्दैव, की ती दिसत नाही. रॅम्सेविषयी वाचताना मला राहून राहून वाटले, की इतिहासकारही जत्रेतल्या पाहुण्यांसारखेच असतात. जेवतात आणि हार घालून घेऊन निघून जातात.

एका मित्राने मला सांगितले, "माघार ती माघारच. तिचे कौतुक कसले?" आक्षेप क्षुल्लक नाही. माघारीने युद्धे जिंकली जात नाहीत, हे खुद्द चर्चिलनेही तेव्हाच पार्लमेंटात बजावले होते. तोफा, मोटारी, दारूगोळा सारे फ्रान्सच्या वाळूत टाकून यावे लागले. सहा ब्रिटिश विनाशिका बुडाल्या, लहान-मोठी मिळून दोनशेहून अधिक जहाजे गेली. पण तोफ कारखान्यात पुन्हा ओतता येते. तीन लाख कसलेली माणसे कोणत्या कारखान्यात ओतायची? ती कैदेत गेली असती, तर इंग्लंडने तह केला नसता असे छातीठोकपणे कोण सांगेल? जिंकणे आणि हरणे यांच्यामध्ये एक तिसरी गोष्ट असते, ती म्हणजे शिल्लक राहणे. पुढचा विजय या शिलकीतूनच येतो.

या कौतुकात आंधळेपणाही नको. आरंभीच्या दिवसांत इंग्रजी जहाजांनी मुख्यतः इंग्रज सैनिकच उचलले, आणि फ्रेंचांच्या मनात त्याचा सल राहिला. नंतर धोरण बदलले. २ जूनच्या रात्री ब्रिटिश फौजेतले शेवटचे सैनिक निघाल्याचा संदेश डोव्हरला आला. आठवडाभर झोप नसलेल्या खलाशांना तेथेच थांबवता आले असते. रॅम्सेने ३ जूनच्या रात्री, केवळ फ्रेंचांसाठी, पुन्हा जहाजे पाठवली. त्या अखेरच्या फेरीत सव्वीस हजार माणसे आली. तरीही, जे सैन्य पिछाडी राखत लढत राहिले त्यातले पस्तीस-चाळीस हजार फ्रेंच मागे राहून कैद झाले. आणखी एक गोष्ट आपल्या पुस्तकांत बहुधा नसते. त्या कोंडीत हिंदी जवानही होते. १९३९ च्या डिसेंबरात हिंदुस्थानातून खेचरांच्या तुकड्या फ्रान्सला नेण्यात आल्या होत्या. त्यांतले बरेच जवान सुटून इंग्लंडला पोचले, एक तुकडी जर्मनांच्या हाती लागली, आणि मुकी खेचरे तेथेच राहिली. जे परत आले त्यांचीही नावे कोणी फारशी घेतली नाहीत.

चार वर्षांनी याच माणसावर उलट काम सोपवण्यात आले: त्याच समुद्रातून फौजा फ्रान्सला नेण्याचे. मध्यंतरी उत्तर आफ्रिकेच्या स्वारीची आखणी आणि १९४३ ची सिसिलीची उतरण त्याने पार पाडली होती. ६ जून १९४४ रोजी नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर जे सैन्य उतरले, त्याच्या नौदल मोहिमेचा, 'ऑपरेशन नेपच्यून'चा, तो प्रमुख होता. जवळजवळ सात हजार लहान-मोठी जहाजे. पुढे सुरुंग काढणाऱ्या बोटी, त्यांनी साफ केलेल्या दहा वाटा, त्यामागे सैन्य. त्याचे हुकूम शेकडो पानांचे झाले. एवढा तपशील कशाला, म्हणून काही अमेरिकन अधिकारी कुरकुरले. पण पहिल्याच दिवशी सव्वा लाखाहून अधिक माणसे समुद्रमार्गे उतरली. निवृत्तांच्या यादीतल्या या माणसाला त्याच वर्षी पुन्हा नियमित सेवेत घेऊन ॲडमिरल करण्यात आले.

त्याचे म्हणणे ऐकले गेले तेव्हा काय झाले हे आपण पाहिले. ऐकले गेले नाही तेव्हा काय झाले तेही पाहावे. ४ सप्टेंबर १९४४ रोजी अँटवर्पचे मोठे बंदर दोस्तांच्या हाती जवळजवळ शाबूत आले. पण हे बंदर समुद्रापासून बरेच आत, शेल्ट नदीच्या काठी. आणि नदीचे मुख जर्मनांच्या ताब्यात. मुख मोकळे केल्याशिवाय बंदराचा काडीचाही उपयोग नाही, असे रॅम्सेने तेव्हाच बजावले. सेनापतींचे डोळे ऱ्हाईन नदीवर लागलेले. पुढे धावण्याची घाई. नोव्हेंबरच्या आरंभी वाल्खरेन बेटावर रक्त सांडून हल्ला करावा लागला आणि पहिला मोठा ताफा अँटवर्पला लागला तो २८ नोव्हेंबरला. जवळजवळ तीन महिने फौजांचे पेट्रोल आणि धान्य दूरच्या नॉर्मंडीहून ट्रकने ओढावे लागले. पुढे धावणाऱ्यांनी व्यवस्था पाहणाऱ्याचे ऐकले नाही, त्याची ही किंमत.

२ जानेवारी १९४५ रोजी माँटगोमेरीशी बैठकीसाठी ब्रुसेल्सला निघालेले त्याचे विमान पॅरिसजवळ उडताच कोसळले. विजयाचे संचलन पाहायला तो उरला नाही. आठवणी लिहून स्वतःची बाजू मांडायलाही उरला नाही. माँटगोमेरी, आयसेनहॉवर यांची पुस्तके निघाली. पुस्तके उरली त्यांची नावे उरली.

आपल्या प्रश्नपत्रिकांत दुसऱ्या महायुद्धाची 'कारणे' विचारतात आणि 'परिणाम' विचारतात. मधले 'कसे' कोणी विचारत नाही. आमच्या गुरुजनांना माझी नम्र विनंती आहे, की एखाद्या वर्षी तोही प्रश्न घालून पाहावा. ज्यांच्या घरात पहिल्यांदाच कोणी कॉलेजची पायरी चढले आहे अशा आम्हा मुलांना त्याचे उत्तर कदाचित अधिक चांगले लिहिता येईल. कारण मर्यादित सामानात, मोडक्या साधनांत सर्वांना सुखरूप पैलतीरी नेण्याची कला आम्ही पुस्तकात वाचण्याआधी घरात पाहिलेली असते. आणि पुढे आपल्यातले कोणी तहसीलदार होईल, कोणी शिक्षक, कोणी सरपंच. तेव्हा आपल्या हाताखालची किती माणसे आपण पुढे पिटाळली याबरोबरच किती परत आणली, हाही हिशेब कोणीतरी आपल्याकडे मागावा. मोठेपणाचे माप ठरवताना हा दुसरा आकडा मला अधिक महत्त्वाचा वाटतो.