वाकलेल्या चाकाचा वाली कोण?

बैलगाडीच्या चाकावर तापलेली धाव चढवणाऱ्या लोहाराची विद्या आपल्या शहरांत मोटारीपर्यंत पोहोचली, ही इतिहासाच्या विद्यार्थ्याला सुखावणारी गोष्ट. चेन्नईचे पुदुपेट काय किंवा कोलकात्याचा मल्लिक बाजार काय, जुन्या मोटारभागांच्या अशा पेठांवर देशातील किती वाहने तगून आहेत! पोलादी रिम ठोकून सरळ करणे या कारागिरांच्या हातचा मळ. पोलाद सोशीक असते. वाकते आणि बऱ्याच अंशी पुन्हा वळणावर येते.

आता मोटारींखाली अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूची चाके, म्हणजे अलॉय व्हील, सर्रास आली आहेत. विद्या मात्र बऱ्याच ठिकाणी जुनीच राहिली. गॅसच्या ज्योतीवर चाक तापवायचे, जॅकने रेटायचे, तडा दिसला तर वेल्डिंगने बुजवायचा आणि वरून रंग द्यायचा. यातील धोका डोळ्यांना दिसत नाही. ओतीव अ‍ॅल्युमिनियमच्या चाकाचे बळ कारखान्यातील उष्णतासंस्कारातून येते: सुमारे ५४० अंश सेल्सियसला तापवून ते झटकन थंड करतात आणि मग कमी तापमानावर काही तास मुरवतात. गॅसची ज्योत हा संस्कार पुसून टाकू शकते. शिवाय अ‍ॅल्युमिनियम पोलादासारखे लाल होऊन इशारा देत नाही. ते थेट वितळू लागते. आतील कडेचा किरकोळ बाक योग्य यंत्रावर काढता येतो. आऱ्याला किंवा बोल्टच्या छिद्राजवळ तडा गेलेले चाक मात्र भंगारातच गेले पाहिजे.

नव्या चाकाला भारतीय मानकांनुसार थकवा आणि आघात यांच्या चाचण्या द्याव्या लागतात. दुरुस्त चाकाला तशी कोणतीच परीक्षा नाही. २०२२ साली केंद्राने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि तिच्या कक्षेत वाहनेही घेतली. पण तो विचार मुख्यतः सुटे भाग आणि माहितीपुस्तिका मिळण्याचा, झालेल्या दुरुस्तीच्या दर्जाचा नव्हे.

चाक वाकते ते बहुधा खड्ड्यात. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये खड्ड्यांमुळे १,८५६ माणसे मेली. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली आलेले कलम १९८अ सदोष रस्त्याबद्दल एक लाख रुपयांपर्यंत दंड सांगते, परंतु मृत्यू किंवा अपंगत्व आल्यावरच. केवळ चाक वाकले, तर भुर्दंड मालकाचा. आणि नव्या चाकाची किंमत ऐकून तो स्वस्त दुरुस्तीकडे वळला, तर त्याला दोष कसा द्यावा?

प्रशासनाचा पहिला हात अशा वेळी जप्तीकडे जातो, हे मी नोकरीत पुष्कळदा पाहिले. येथे त्याने कारागीर गल्लीच्या आतल्या बोळात सरकेल, इतकेच. त्यापेक्षा आयटीआयमध्ये या कामाचा अल्पमुदतीचा अभ्यासक्रम काढावा. दुरुस्त चाकाच्या आतील बाजूस दुरुस्ती करणाऱ्याची खूण आणि तारीख सक्तीची करावी. तडा शोधणारी रंगद्रव चाचणी तर छोट्या दुकानालाही परवडेल: चाकावर रंगीत द्रव लावून पुसायचा, वर पांढरा थर द्यायचा, भेगेत मुरलेला रंग मिनिटांत त्यावर उमटतो.