चवीपुरते

दिवाळी जवळ आली की आमच्या ओळखीच्या घरांतून हल्ली एक नवा प्रश्न निघू लागला आहे. चकलीची भाजणी कुठली, कंदील कुठून आणला, हे जुने प्रश्न आहेतच, पण त्यांच्या मागोमाग, जरा आवाज उतरवून, कुणीतरी विचारते, "अहो, वाईन कुठली आणावी?" आवाज उतरवण्याचे कारण उघड आहे. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याच्या सावलीत ज्या घरांना वळण लागले, तेथे बाटली आली तरी ती वर्तमानपत्रात गुंडाळलेली येई. तो कायदा अजून पुस्तकात आहे आणि परवान्याची अटही त्यातलीच. परंतु आता जावई मिठाईच्या पेटीबरोबर उघड बाटली आणतो, सासूबाई ती कौतुकाने फडताळात ठेवतात, आणि ती चांगली की वाईट हे घरात कुणालाच सांगता येत नाही.

दुकानात गेलेला आपला मराठी माणूस बाटलीवरच्या दोनच गोष्टी वाचतो, किंमत आणि परदेशी नाव. नाव उच्चारता आले नाही तर माल उत्तम असणार, अशी त्याची खात्री असते. याची मला मोठी गंमत वाटते. कारण हाच माणूस आंबा घेताना देवगड की रत्नागिरी हे विचारल्यावाचून पेटीला हात लावीत नाही. आंबेमोहोर मावळातला आहे का, हळद सांगलीची आहे का, याची तो कसून चौकशी करतो. मग वाईनलाच तिचे गाव का विचारू नये? माझा स्वतःचा नियम एवढाच आहे: जे पेय आपले गाव सांगते आणि दुसऱ्या गावी तसे होत नाही, ते चाखून पाहावे. बाकीची दुकानातच बरी.

हा नियम घेऊन निघाले की पहिला मुक्काम अर्थातच नाशिक. आता नाशिकला वाईनची द्राक्षे यावीत, हेच मुळी नवल आहे. युरोपातले जाणते लोक सांगत आले की वाईनची द्राक्षे विषुववृत्तापासून तीस ते पन्नास अंशांच्या पट्ट्यात पिकतात. नाशिक पडले वीस अंशांवर. तिकडे थंडीत वेल झोपी जातो, वसंतात जागा होतो आणि पावसाळ्याआधी घाई करण्याचे त्याला कारण नसते. आपल्याकडे वेलीला झोपच नाही, आणि मधे चार महिने धो धो पाऊस. यावर आपल्या शेतकऱ्याने काढलेला तोडगा म्हणजे दोन छाटण्या. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी. तिच्यावर काडी तयार होते, आणि पावसाळ्यात फळ धरू दिले जात नाही. मग पाऊस ओसरताना, सप्टेंबर-ऑक्टोबरात, गोडी छाटणी. तिच्यावर घड लागतात, ते थंडीतल्या गार रात्री आणि उबदार दिवस अंगावर घेत पिकतात आणि जानेवारी ते मार्च या काळात उतरतात. फ्रान्समध्ये द्राक्षे काढतात ती दसऱ्याच्या आगेमागे. आपली उतरतात संक्रांतीनंतर. ही उलटी कालगणना बसवता आली म्हणून नाशिकची वाईन शक्य झाली.

खाण्याच्या द्राक्षाची मात्र वाईन चांगली होत नाही, हेही ध्यानात ठेवावे. थॉम्सन, तास-ए-गणेश, सोनाका ही आपली लाडकी मंडळी गोड, पातळ सालीची आणि बिनबियांची. वाईनचे द्राक्ष लहान, जाड सालीचे आणि बियांचे असते. चव, रंग आणि तुरटपणा त्या सालीत असतो. ही जातवान रोपे गंगापूर धरणाच्या परिसरात लावून राजीव सामंत यांनी सुला सुरू केली. नाव आईच्या 'सुलभा'वरून. तिची पहिली वाईन २००० साली बाहेर आली. पुढच्याच वर्षी राज्य सरकारने द्राक्षप्रक्रियेचे धोरण जाहीर केले, विंचूर आणि पलूस येथे वाईन पार्क झाले, आणि पाहता पाहता दिंडोरी, इगतपुरीपर्यंत मळे पसरले.

एकच बाटली घ्यायची असेल तर मी शेनिन ब्लाँ सांगेन. हे द्राक्ष मूळचे फ्रान्समधल्या ल्वार नदीच्या खोऱ्यातले. ऊन वाढले तरी त्याचा आंबटपणा टिकतो, आणि नाशिकला नेमका हाच गुण हवा होता. पेला नाकाशी नेला की पिकल्या पेरूचा, कधी अननसाचा वास येतो. घोट घेतला की किंचित गोडी आणि मागाहून लिंबासारखी तरतरी. आपल्या तिखट ताटाला ती गोडी फार मानवते. तिखटाची आग साखरेने शमते आणि मद्यार्काने व तुरटपणाने भडकते. म्हणून ठेचा किंवा झणझणीत रश्शाबरोबर तुरट लाल वाईन घेणे म्हणजे जिभेवर दुहेरी आपत्ती ओढवून घेणे होय. शेनिनबरोबर मात्र चिवडा, भरली वांगी, तळलेली सुरमई हे सारे गुण्यागोविंदाने नांदते. दुसरे, सॉविन्याँ ब्लाँ: हिचा वास हिरवा, ढोबळ्या मिरचीसारखा, कोथिंबीरवडीबरोबर ती घेऊन पाहावी. गोडाच्या शौकिनांसाठी उशिरा तोडलेल्या शेनिनची लहान बाटली मिळते. वेलीवर जादा दिवस राहिल्यामुळे ज्यात साखर साठली, अशा द्राक्षाची ही वाईन. चिरोट्याबरोबर बोटभर पुरे.

नाशिकच्या आधीचा मान मात्र नारायणगावचा. ऐंशीच्या दशकात शामराव चौगुले यांनी तेथे फ्रेंच जाणकारांच्या मदतीने फेसाळ वाईन केली आणि ती 'ओमर खय्याम' नावाने परदेशी पाठवली. ती कंपनी पुढे बंद पडली. पण फेस बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवून आणायचा, ही कष्टाची फ्रेंच रीत इकडे जमते, हे तिने दाखवून दिले. आज नाशिकच्या अनेक घरांची फेसाळ वाईन त्याच रीतीने होते. आणि तिसरे गाव तुम्हांला सुचणार नाही: सोलापूर जिल्ह्यातले अकलूज. साखर कारखान्यांच्या या मुलखात मोहिते-पाटील, दिल्लीचे सेखरी आणि इटलीचे सेक्की अशा तीन भावा-भावांच्या जोड्यांनी मिळून मळे उभे केले. म्हणून नाव फ्रातेल्ली, म्हणजे इटालियनमध्ये भाऊ. त्यांच्या सांजोवेसे या टस्कनीच्या द्राक्षाची लाल वाईन आंबटसर चेरीसारखी लागते. कमी तिखटाच्या मटणाला ती चांगली सोबत करते.

बिअरचे गाव कसे विचारायचे, असे कुणी म्हणेल. जव आणि हॉप्स तर बहुधा बाहेरूनच येतात. खरे आहे. पण बिअरमध्ये गावापेक्षा करणाऱ्याचा हात आणि ताजेपणा बोलतो. पुण्यात २००९ साली डूलालीने लहान भट्टी घालून जागेवरच ताजी बिअर द्यायला आरंभ केला, आणि बिअर म्हणजे पिवळे, थंड, कडवट पाणी ही समजूत ढासळू लागली. गव्हाची बिअर घेऊन पाहा: तिला केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो, तरी तीत केळे नाही की लवंग नाही, ती सारी यीस्टची करामत. आमच्या डोंबिवलीकर मित्रांना सांगायला आनंद वाटतो की गेटवे या नावाची गव्हाची बिअर त्यांच्याच औद्योगिक वसाहतीत सिद्ध झाली. पुण्याच्याच ग्रेट स्टेट एल वर्क्सने कोकम आणि मीठ घातलेली एल काढली. सोलकढीवर वाढलेल्या जिभेला ती पहिल्या घोटातच ओळखीची वाटते. आणि मध आंबवून केलेले 'मीड' पुण्याच्याच मूनशाइनने बाजारात आणले. हा शब्द आणि आपला 'मधु' हे दोघे एकाच मुळाचे सख्खे नातलग आहेत. म्हणजे नाव परदेशी खरे, पण पाहुणा घरचाच.

इथवर वाचून काही वाचक कपाळाला आठ्या घालतील, आणि त्यांच्या आठ्यांना अर्थ आहे. माझी एक आत्या आहे, नव्वदीला टेकलेली. तिच्या यजमानांच्या पिण्यापायी तिच्या पाटल्या सराफाकडे गेल्या त्या परत आल्या नाहीत. जानेवारी २०२२ मध्ये मोठ्या किराणा दुकानांत वाईन ठेवू देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला आणि त्यावरून गदारोळ उठला, तेव्हा मी तिच्यापुढे शेतकऱ्याची बाजू मांडली. २००८ नंतरच्या मंदीत वाईनला उठाव राहिला नाही, तेव्हा कितीतरी शेतकऱ्यांनी लावलेल्या वेली हातांनी उपटून टाकल्या, हेही सांगितले. तिने सारे ऐकून घेतले आणि म्हणाली, "द्राक्षाचे आहे, शेतकऱ्याचे आहे, सगळे पटले रे. मला एवढेच सांग, बाटली उघडली की दुसऱ्या दिवशी तीत काही उरते का?"

याहून नेमकी परीक्षा मला कुठल्या पुस्तकात सापडलेली नाही. जिथे उरते तिथे चव आहे; जिथे उरत नाही तिथे गाव, हंगाम, द्राक्षाची जात या साऱ्या गप्पा केवळ सबबी आहेत. वाईन औषधी असते हेही कुणी सांगू लागले तर मनावर घेऊ नका. मद्यार्काची गणना कर्करोगकारक पदार्थांत १९८८ सालीच झाली, आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली स्पष्ट सांगितले की निर्धोक असे प्रमाणच नाही. तेव्हा ज्यांच्या घरात ती नाही त्यांनी या लेखामुळे ती आणू नये. ज्यांच्या घरात येतेच, त्यांनी निदान डोळसपणे आणावी. मुलांच्या हाती पेला देऊ नये, ज्याला गाडी हाकायची आहे त्याला आग्रह करू नये, आणि जो नको म्हणतो त्याला कारण विचारू नये.

आणायचीच तर चार गोष्टी. उन्हात मांडलेली बाटली घेऊ नये. उष्णतेने वाईन शिजल्यासारखी लागते. पांढरी घेताना अलीकडच्या वर्षाची घ्यावी. लाल वाईन 'खोलीच्या तापमानाला' प्यावी असे म्हणतात, पण ती खोली युरोपातली. आपल्याकडे तिलाही अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवावे. बूच फिरकीचे असले म्हणून नाक मुरडू नये. ते हवा उत्तम रोखते. पेला तिसरा हिस्साच भरावा, आधी वास घ्यावा, मग घोट, आणि काय आठवले ते मोठ्याने सांगावे: पेरू, चिंच, ओली माती, काहीही. चार जणांनी चार वेगळी फळे सांगितली तर संध्याकाळ छान गेली असे समजावे. उरलेली बाटली बूच लावून फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस चांगली राहते. ती उरली पाहिजे, हे मात्र पाहावे.

आपणां सर्वांना दिवाळी सुखाची जावो. लाडू-करंज्या पोटभर खा, बाकीचे चवीपुरते.