आखाती सहल, मुलांच्या घड्याळाने

सोलापूरच्या व्यापारी पेठेला आखाती प्रदेश कधी परका वाटला नाही. एके काळी तर तेथील चलनही आपलेच होते. दुबईच्या बाजारात भारतीय रुपया चाले. १९५९ मध्ये भारतीय रिझर्व्ह बँकेने आखातासाठी निराळ्या रंगाच्या खास नोटा काढल्या आणि १९६६ च्या अवमूल्यनापर्यंत दुबईचे व्यवहार त्यांवर होत राहिले. आज त्याच शहरी आपली कुटुंबे लहान मुलांना घेऊन चार दिवसांच्या विसाव्यासाठी जाऊ लागली आहेत. मात्र विसाव्यासाठी निघालेले कुटुंब पुष्कळदा थकून परतते, आणि त्याचे मूळ बहुतेक वेळा आखणीतच असते.

दिलेल्या पैशाचे पुरते मोल वसूल करावे, हा व्यापाऱ्याचा स्वभाव. दुकानात तो गुण ठरतो. सहलीत मात्र त्याची किंमत घरातील सर्वांत लहान सदस्याला मोजावी लागते.

एक कुटुंब डोळ्यांपुढे आणावे. आजी-आजोबा, मुलगा-सून, सहा वर्षांची नात आणि दीड वर्षाचा नातू. सहल कंपनीच्या पत्रकात चार रात्री, पाच दिवस आणि दहा-बारा स्थळे छापलेली आहेत. त्यांतील खास आकर्षणे दोन : वाळवंटातील सफर आणि खाडीतील नौकाविहार. दोहोंतील भोजन रात्रीचे. डिसेंबरात दुबईचा सूर्य साडेपाचच्या सुमारास मावळतो. म्हणजे चौविहार पाळणाऱ्या आजी-आजोबांनी ज्या ताटाचे पैसे भरले, त्या ताटाला ते स्पर्शही करणार नाहीत. नातवाची अडचण याहून मोठी आहे. दुबईचे घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे असते. तेथे साडेआठला पाने वाढली जातात, तेव्हा त्या बालकाच्या शरीरात सोलापूरचे रात्रीचे दहा वाजलेले असतात. मग ते रडते, सून त्याला कडेवर घेऊन बाहेर फेऱ्या मारते आणि सफर कोणाचीच होत नाही.

याच ठिकाणी आपला आचार आणि मुलांची प्रकृती एकमेकांच्या मदतीला येतात. दुबईत सायंकाळी पाचला घेतलेले भोजन मुलाच्या दृष्टीने साडेसहाचे असते. सूर्यास्तापूर्वी जेवून, थोडे फिरून, साडेसातला निजणारे कुटुंब आजोबांचे व्रतही पाळते आणि नातवाची झोपही. पहाटे मुले साडेपाचलाच उठतील. ती तक्रारीची बाब मानू नये. फिरण्याची उत्तम वेळ सकाळचीच.

श्रावकाच्या बारा व्रतांत दिग्व्रत आणि देशव्रत सांगितली आहेत. आयुष्यभरासाठी दिशांची मर्यादा आखणे हे पहिले. ठरावीक काळापुरते त्या मर्यादेतही आणखी लहान क्षेत्र नेमून घेणे हे दुसरे. सहलीच्या आखणीला व्रत म्हणता येणार नाही, पण देशव्रतामागची दृष्टी तिला उपयोगी पडते. दिवसाला एकच स्थळ, तेही सकाळी. दुपारी मुक्कामी विश्रांती. सायंकाळी मुक्कामाजवळच फेरफटका. पाच दिवसांपैकी एक दिवस पूर्ण कोरा.

मुक्कामाची जागा यासाठी विचारपूर्वक निवडावी. समुद्रकाठच्या झगमगीत हॉटेलापेक्षा बर दुबई किंवा करामा या जुन्या वस्तीत स्वयंपाकघर असलेली सदनिका लहान मुलांच्या कुटुंबाला अधिक सोयीची. येथे भारतीय वाण्याची दुकाने आणि शाकाहारी भोजनालये पायी चालण्याच्या अंतरावर आहेत. कांदा-लसूण व कंदमुळे वर्ज्य, हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. पहाटे उठलेल्या बाळाला मऊ भात मिळतो आणि नवकारशी पाळणाऱ्यांचा नाश्ता त्यांच्या वेळेला होतो. बुरजुमान स्थानकावर मेट्रोच्या लाल व हिरव्या मार्गिका मिळतात. ही मेट्रो २००९ पासून चालते. तीत स्त्रिया व मुलांसाठी राखीव जागा असते आणि पाच वर्षांखालील मुलांना भाडे पडत नाही. आत खाण्यापिण्यास मनाई असून दंड होतो, म्हणून मुलांचे खाणे आधीच उरकावे.

पहिली सकाळ खाडीला द्यावी. ‘अब्रा’ या लाकडी होडीतून खाडी ओलांडण्यास नाममात्र भाडे लागते आणि मुलांना उंच मनोऱ्यापेक्षा होडीच अधिक आठवते. काठावरच्या कापडबाजारात आजोबांचेही मन रमेल. दुसरी सकाळ दुबई मॉलला. तेथील भव्य मत्स्यालयाची काच बाहेरून विनामूल्य दिसते. दीड वर्षाच्या मुलास तेवढे पुष्कळ होते. ८२८ मीटरच्या बुर्ज खलिफावर चढण्याचे तिकीट काढण्यापूर्वी रांगेचा विचार करावा. मेट्रो स्थानकापासून मॉलपर्यंतचा आच्छादित मार्गही बराच लांब आहे. मुलाची ढकलगाडी सोबत हवीच. तिसरी सकाळ झबील उद्यानाला. तेथील १५० मीटर उंच ‘दुबई फ्रेम’मधून एका बाजूस जुने शहर दिसते आणि दुसऱ्या बाजूस नवे. टॅक्सी लागलीच तर मुलाची आसनखुर्ची मागून घ्यावी. चार वर्षांखालील मुलांसाठी ती तेथील कायद्याने आवश्यक आहे.

जाण्याचा काळ नोव्हेंबर ते मार्च. मे महिन्याच्या सुट्टीत तेथे पारा चाळीशीपार असतो आणि मुले मॉलमध्येच कोंडली जातात. चातुर्मासात प्रवास टाळणाऱ्या कुटुंबांनी कार्तिकी पौर्णिमेनंतरचा काळ घ्यावा. मुले शाळेत जाण्याच्या वयाची नसतील, तर नाताळची महाग गर्दी टाळून गड्डा यात्रेनंतर निघणे उत्तम. रमजानचा महिना दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. तो केव्हा येतो हे आधी पाहावे.

शिदोरीबाबत एक सूचना अत्यंत महत्त्वाची. बिनलसणाची शेंगाचटणी आणि कडक भाकरी खुशाल न्यावी. परंतु खसखस त्या देशात अमली पदार्थांत मोडते आणि ती बाळगणे गुन्हा आहे. अनारसे, डिंकाचे लाडू, घरचा काळा मसाला यांत ती असतेच. आजीने मायेने भरलेला एक डबा विमानतळावर कुटुंबाला संकटात टाकू शकतो. विड्याची पानेही घरीच ठेवावीत. खोकल्याच्या काही औषधांवर तेथे निर्बंध आहेत. डॉक्टरांची चिठ्ठी सोबत असावी आणि औषध चालते की नाही, याची खात्री निघण्यापूर्वीच करावी.

आता हिशेबाच्या गोष्टी. दिरहॅमचा दर डॉलरशी ३.६७२५ असा बांधलेला आहे. डॉलर महागला की दिरहॅम तितकाच महागतो, म्हणून खर्चात थोडी मोकळीक ठेवावी. कार्ड वापरताना यंत्र रुपये की दिरहॅम असे विचारते. दिरहॅमच निवडावा, अन्यथा रूपांतराचा चढा दर माथी बसतो. परदेशी सहलीच्या पॅकेजवर उगमस्थानी कर गोळा केला जातो. तो ज्याच्या पॅनवर जमा होतो, त्याला विवरणपत्रात वळता करून घेता येतो. म्हणून नियमित विवरणपत्र भरणाऱ्या सदस्याच्या पॅनवरच नोंदणी करावी. मुलाचे पारपत्र जास्तीत जास्त पाचच वर्षांचे असते. त्याची मुदत किमान सहा महिने शिल्लक हवी. नातू सहलीतच दोन वर्षांचा होणार असेल, तर परतीच्या विमानात त्याला स्वतंत्र आसन घ्यावे लागते.

सुवर्णबाजार पाहावा, पण दागिन्यांवरील २० व ४० ग्रॅमची खास सीमाशुल्क सवलत एक वर्षाहून अधिक काळ परदेशी राहिलेल्यांनाच असते, हे विसरू नये. घरचे भारी दागिने अंगावर घालून जायचे असल्यास निघताना सीमाशुल्क अधिकाऱ्यांकडून नोंदीचा दाखला घ्यावा. त्याहून बरे म्हणजे ते लॉकरमध्येच ठेवावेत. आखातातील परिस्थितीमुळे विमानसेवा अचानक बदलू शकते. निघण्यापूर्वी परराष्ट्र मंत्रालयाच्या सूचना पाहाव्यात, रद्द करता येईल असेच आरक्षण करावे आणि विम्यात मुलांचीही नावे घालावीत.

इतके झाले की सहल कंपनीचे पत्रक पुन्हा समोर घ्यावे आणि घरातील सर्वांत लहान मुलाच्या झोपेच्या व जेवणाच्या वेळा त्यावर लिहाव्यात. त्या वेळांवर जे जे कार्यक्रम येतात, ते निःसंकोच खोडावेत. पत्रकातील निम्मी स्थळे गळतील. उरलेली मात्र आजी-आजोबांपासून नातवापर्यंत सगळ्यांना मिळून पाहता येतील.