उंबरठा ओलांडण्याची तयारी

जुलै-ऑगस्ट उजाडला की आपल्या मध्यमवर्गीय वसाहतींमध्ये एक दृश्य हमखास पाहावयास मिळते. शेजारचा मुलगा किंवा मुलगी उच्च शिक्षणासाठी अमेरिकेला निघालेली असते. बॅगा वजनकाट्यावर चढतात, उतरतात. मेतकुटाचा डबा आत जातो, गोडा मसाला बाहेर येतो, छोटा कुकर बसवण्यासाठी स्वेटरची घडी मोडावी लागते. निरोप द्यायला सारे गणगोत विमानतळावर जमते. या एका दिवसामागे त्या घराची किमान दहा वर्षांची तयारी असते. शिकवण्या, प्रवेशपरीक्षा, बँकेचे कर्ज, प्रसंगी गावाकडच्या जमिनीचा तुकडा. मुलाने घराबाहेर पडावे यासाठी आपली घरे तयारीच करीत नाहीत, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. ती करतात, आणि मनापासून करतात.

त्याच सुमारास अमेरिकेच्या युटा राज्यातही एखाद्या घरात अठरा वर्षांचा मुलगा बॅग भरीत असतो. त्यात पांढरे सदरे, टाय, धर्मग्रंथ आणि चालण्यासाठी दणकट बूट असतात. तो फिलिपिन्सला, ब्राझीलला किंवा आफ्रिकेतील एखाद्या देशात निघालेला असतो. पदवीसाठी नव्हे, नोकरीसाठीही नव्हे. आपल्या पंथाच्या प्रचारासाठी दोन वर्षे देण्याकरिता तो घर सोडतो आणि तेही मुख्यतः स्वतःच्या व कुटुंबाच्या खर्चाने.

हा मुलगा मॉर्मन पंथाचा. १८३० साली जोसेफ स्मिथ यांनी स्थापन केलेल्या या पंथाला अनेक ख्रिस्ती संप्रदाय आपले मानीत नाहीत. पंथ मात्र स्वतःला ख्रिस्तीच म्हणवितो. तो वाद त्यांचा त्यांनी सोडवावा. आपण पाहावयाची आहे ती त्या घरातील तयारी. आज या पंथाचे सत्तर हजारांहून अधिक तरुण-तरुणी पूर्णवेळ प्रचारक म्हणून जगभर वावरत आहेत. मुलांसाठी दोन वर्षांचा आणि मुलींसाठी दीड वर्षाचा काळ ठरलेला आहे. ही संख्या कोणा एका वक्त्याच्या भाषणाने उभी राहिलेली नाही. ती घराघरांतून उभी राहिली आहे.

त्या घरात मूल लहान असतानाच ‘तू मोठा झालास की जाशील’ हे बालगीतांतून त्याच्या कानावर पडते. त्याच्या नावाने बचत सुरू होते. सुटीत केलेल्या कामाची मिळकतही त्या बचतीत जाते. अमेरिकेतून निघणाऱ्यांसाठी हा खर्च दरमहा ४०० डॉलर ठरलेला होता. २०२० च्या जुलैपासून तो ५०० डॉलर झाला. निघण्यापूर्वी स्थानिक धर्मप्रमुख मुलाखत घेतो, डॉक्टर व दंतवैद्य तपासणी करतात. मग पत्र येते आणि कुठे जायचे ते कळते. ठिकाण निवडण्याची मुभा नसते. प्रोव्हो येथील प्रशिक्षण केंद्रात काही आठवडे नव्या देशाची भाषा घोटून घेतली जाते. प्रत्यक्ष कार्यक्षेत्रात सदैव जोडीने राहावयाचे, ठरल्या वेळी उठावयाचे, प्रेमप्रकरणे वर्ज्य. २०१९ च्या फेब्रुवारीपर्यंत तर घरी दूरध्वनी करण्याची परवानगी वर्षातून साधारण दोनदाच होती, नाताळात आणि मातृदिनी. अठरा वर्षांच्या मुलाचा आवाज वर्षातून दोनदाच ऐकावयास मिळेल, हे स्वीकारून त्या आईने त्याची बॅग भरलेली असे.

हे वाचून आपल्यापैकी अनेकांच्या मनात प्रथम राग येईल. त्यांचे ध्येय आपल्याला मान्य नाही, कधी मान्य होणारही नाही. परंतु ज्याचा विरोध करावयाचा त्याचे बळ कोठे आहे, हे न ओळखता केलेला विरोध पोकळ ठरतो. मिशनचे बळ केवळ परदेशी पैशात आहे, असे आपण वर्षानुवर्षे एकमेकांना सांगत आलो. पैसा आहेच. पण पैशाच्या मागे घर आहे, आणि त्या घराच्या उंबरठ्यावर उभी असलेली आई आहे.

मुंबईच्या बंदरात उतरलेले दोघे

महाराष्ट्राला ही गोष्ट नवी नाही. १८१२ च्या फेब्रुवारीत मॅसॅच्युसेट्समधील सेलम या गावी पाच तरुणांना परदेशी प्रचाराची दीक्षा देण्यात आली आणि त्याच महिन्यात ते जहाजांवर चढले. त्यांच्यापैकी एकाची पत्नी हॅरिएट न्यूएल त्या वर्षाच्या अखेरीस मॉरिशस बेटावर वारली. तिचे वय होते १९. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे दोघे १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईस उतरले. कंपनी सरकारला ते नको होते. त्यांना परत पाठविण्याचे हुकूम निघाले, तरी ते चिकटून राहिले. पुढे अमेरिकन मराठी मिशन म्हणून प्रसिद्ध झालेल्या कार्याचा हा आरंभ होता. हॉल मराठी शिकले, रस्त्यात उभे राहून मराठीत बोलू लागले, बायबलच्या नव्या कराराच्या मराठी भाषांतरात त्यांनी वर्षे घातली. १८२६ साली नाशिकच्या दौऱ्यावरून परतताना वाटेतच पटकीने त्यांचा अंत झाला. ज्या मातीत ते गेले तेथून त्यांचे जन्मगाव हजारो मैल दूर होते.

त्यांच्या आधी बंगालातील सेरामपूरला विल्यम केरी यांनी वैद्यनाथ पंडितांच्या साहाय्याने १८०५ साली मराठी व्याकरण आणि १८१० साली मराठी कोश छापला. हेतू प्रचाराचा होता, हे उघड आहे. पण हेतू कोणताही असो, माणसांपर्यंत पोहोचावयाचे तर त्यांची भाषा शिकावी लागते, हे त्यांना घर सोडतानाच ठाऊक होते. आपल्यापैकी किती जणांना गोंडी, कोरकू किंवा भिली भाषेतील दहा वाक्ये येतात? हे भाषाभगिनी आणि भाषाबंधू आपल्याच राज्यात राहतात. त्यांच्याकडे जावयास जहाज लागत नाही.

तयारीत राहून गेलेला प्रश्न

मात्र या तयारीत एक मोठी उणीव आहे, आणि तिच्याकडे काणाडोळा करून केवळ कौतुक करणे आत्मघातकी ठरेल. ती उणीव स्पष्ट दिसली २०१८ च्या नोव्हेंबरात, आपल्याच अंदमानात.

जॉन ॲलन चाऊ हा २६ वर्षांचा अमेरिकन तरुण. उत्तर सेंटिनल बेटावरील लोकांना ख्रिस्ताचा संदेश द्यावयाचा, या एका ध्यासाने त्याने अनेक वर्षे तयारी केली. रानावनात प्रथमोपचार कसे करावेत हे तो शिकला. अनोळखी भाषा कशी उकलावी याचे प्रशिक्षण त्याने कॅनडात घेतले. कॅन्सस सिटीतील एका मिशनरी संस्थेत तर खोटे गाव उभारून, खोटे भाले घेतलेल्या ‘गावकऱ्यां’समोर जाण्याचा सराव त्याच्याकडून करवून घेण्यात आला. अंदमानात आल्यावर, आपल्यापासून रोगसंसर्ग होऊ नये म्हणून, तो काही दिवस एकांतात राहिला. तयारीत कसर म्हणून ठेवली नव्हती.

राहून गेला तो एकच प्रश्न, की त्या लोकांना मी हवा आहे काय? याचे उत्तर सेंटिनली लोकांनी पूर्वीच दिलेले होते. २००६ साली त्या किनाऱ्याला लागलेल्या दोन मच्छीमारांना प्राणास मुकावे लागले होते. १९५६ च्या विनियमाने त्या बेटाजवळ जाण्यास मनाई आहे, आणि तिच्यामागे कारण आहे. बाहेरून आलेल्या रोगांनी व वसाहतींनी ग्रेट अंदमानी जमात काही हजारांवरून आज शंभराच्याही आत आणली. हे सारे माहीत असूनही चाऊने मच्छीमारांना पैसे देऊन रात्रीच्या अंधारात बेट गाठले. पहिल्या दिवशी एका मुलाने सोडलेला बाण त्याच्या हातातील बायबलमध्ये रुतला. तरी तो पुन्हा गेला आणि परतला नाही. हे बेट सैतानाचा अखेरचा गड आहे काय, असा प्रश्न त्याने आपल्या रोजनिशीत लिहून ठेवला होता. ज्यांच्या भल्यासाठी जावयाचे त्यांची भूमी सैतानाची आहे अशी शंका मनात धरून निघालेला माणूस कितीही शूर असला, तरी त्याची सेवा ही सेवा राहत नाही. त्या तरुणाच्या मृत्यूचा आनंद कोणाही हिंदूस होऊ नये; तो कोणा आई-वडिलांचा मुलगा होता. परंतु त्याच्या शिक्षकांनी त्याला भाल्यांसमोर उभे राहावयास शिकविले, दारावर थांबून आत येऊ का असे विचारावयास मात्र शिकविले नाही.

मतांतरणाला आपला विरोध आहे तो याच कारणाने. ज्याच्या घरी औषध नाही त्याला औषध द्यावे आणि त्याच्या बदल्यात त्याचा देव मागावा, हा व्यवहार झाला. मध्य प्रदेश सरकारने नेमलेल्या, न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांच्या समितीने १९५६ च्या अहवालात याच व्यवहारावर बोट ठेवले होते. त्या अहवालाचा दाखला आपण नेहमी देतो. पण तेवढ्याच स्पष्टपणे दुसरी गोष्टही सांगावयास हवी. १९९९ च्या जानेवारीत ओरिसातील मनोहरपूर येथे ग्रॅहॅम स्टेन्स आणि त्यांची दोन लहान मुले यांना जिवंत जाळण्यात आले. तो अधर्म होता. जळत्या काडीने मिशनचा विचार हरत नाही. हरतो तो आपला धर्म. सेवेला उत्तर सेवेनेच द्यावे लागते, आणि ती सेवा अधिक निर्मळ असावी लागते.

आपल्या घरांचे काय?

निर्मळ सेवेची उदाहरणे आपल्याकडे नाहीत काय? सरकारी नोकरी सोडून बाळासाहेब देशपांडे जशपूरलाच राहिले आणि १९५२ साली तेथे वनवासी कल्याण आश्रम उभा राहिला. एकनाथजी रानडे यांनी १९७२ साली विवेकानंद केंद्राची स्थापना केली आणि पाच वर्षांत केंद्राच्या शाळा अरुणाचलात पोहोचल्या. संघटनेच्या चौकटीबाहेरचे नाव घ्यावयाचे तर डॉ. प्रकाश आमटे यांनी शस्त्रक्रियेचे पदव्युत्तर शिक्षण सोडून १९७३ साली हेमलकसा गाठले, डॉ. मंदाकिनीताई सोबत होत्या. दोघे माडिया भाषा शिकले, रुग्ण बरे केले, आणि बरे झालेल्या कोणाकडेही त्याचा देव मागितला नाही. सेवेची परीक्षा हीच आहे.

या सर्वांचे आपण सत्कार करतो. त्यांच्यावरील चित्रपट पाहून डोळे पुसतो. दिवाळीत धनादेश पाठवितो. पण आपल्या मुलाने हा मार्ग धरतो म्हटले की आपला चेहरा बदलतो.

हे मी दुसऱ्यांविषयी लिहीत नाही. काही वर्षांपूर्वी अभियांत्रिकीची पदवी हाती येताच माझ्या मुलाने ईशान्येकडील एका विद्यार्थी वसतिगृहात वर्षभर राहण्याची इच्छा बोलून दाखविली. मी चाळीस वर्षांचा स्वयंसेवक. पूर्णवेळ निघालेल्या कितीतरी कार्यकर्त्यांनी आमच्या घरी पानावर बसून जेवण केले आहे. ‘आधी नोकरीत स्थिर हो, सेवा काय आयुष्यभर करता येते,’ असे मी त्याला सांगितले. तो वाद घालत बसला नाही. आज तो स्थिर आहे, चांगल्या हुद्द्यावर आहे. त्या वर्षाचा विषय त्याने पुन्हा कधी काढला नाही. त्याची तयारी कमी पडली नव्हती. कमी पडली ती माझी.

म्हणून या निमित्ताने काही साध्या गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. मूल दहावीत जाण्यापूर्वी त्याला एक सुटी वनवासी क्षेत्रातील वसतिगृहात घालवू द्यावी. पाहुणा म्हणून नव्हे, तर तेथील मुलांबरोबर झाडलोट करीत. त्याला स्वतःचा स्वयंपाक व स्वतःचे कपडे धुणे आले पाहिजे. दुसऱ्याच्या गावी जाऊन सेवा करून घेणारा कार्यकर्ता कोणालाच नको असतो. परदेशी शिक्षणासाठी जशी बचत करतो, तशी एका वर्षाच्या सेवेसाठीही त्याच्या नावाने करावी, म्हणजे तो निघेल तेव्हा संस्थेवर भार होणार नाही. जेथे जावयाचे तेथील भाषेचे शंभर शब्द त्याने घरीच शिकावेत. लग्नाच्या बाजारात ‘एक वर्ष वाया गेले’ असे कोणी म्हणाले, तर ते वर्ष वाया गेलेले नाही हे सांगण्याचे धैर्य आई-वडिलांनी दाखवावे. आणि शेवटची, सर्वांत महत्त्वाची गोष्ट त्याच्या मनावर बिंबवावी: ज्या दारावर आपण जातो त्या घराची अनुमती आधी घ्यावी, तेथे शिकविण्याआधी शिकावे, आणि परतताना तेथून काही मागू नये, कृतज्ञतासुद्धा नाही.

हे सर्व अवघड नाही. परदेशी जाणाऱ्या मुलासाठी आपण याहून कितीतरी अधिक करतो. युटातील आईच्या श्रद्धेविषयी आपले कितीही मतभेद असोत, तिने मुलाची बॅग भरली आहे. आपल्या मुलाने असे काही विचारले, तर बॅग माळ्यावरून खाली काढणारा हात आपला असेल काय? माझ्या घरात ती वेळ येऊन गेली. आपल्या घरात ती अद्याप यावयाची असेल.