पाणी वाळत नाही हो!

गेल्या महिन्यात ऑफिसच्या ग्रुपबरोबर दक्षिणेतली एक चुनखडीची गुहा बघून आलो. आत शे-दीडशे माणसं, हिरवे-लाल फोकस आणि गाइडचं पाठ केलेलं वाक्य: "पाणी ठिबकतं, वाळतं, चुना मागे राहतो." शाळेत मीही हेच लिहून मार्क मिळवले होते. आपल्या सह्याद्रीत सगळा बेसॉल्ट, त्यामुळे आपल्याला लेणी माहीत, असल्या गुहा नाहीत. त्यात नाव 'लवणस्तंभ'. ऐकलं की डोळ्यासमोर मिठागरच येतं!

पण मंडळी, खोल गुहेतली हवा जवळजवळ १०० टक्के दमट असते. तिथे आपला घाम वाळत नाही, छताचं पाणी कुठून वाळणार?

खरा प्रकार असा. पावसाचं पाणी जमिनीत मुरताना मुळांनी आणि जिवाणूंनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड सोबत घेतं. मातीतल्या हवेत तो बाहेरच्या दहापट, कधी शंभरपट असतो. पाणी सौम्य आम्ल होतं आणि चुनखडी विरघळवत खाली उतरतं. गुहेच्या हवेत हा वायू त्यामानाने कमी. मग सोड्याची बाटली उघडावी तसा तो थेंबातून निसटतो, विरघळलेला चुना पाण्याला पेलवत नाही आणि खडकाला चिकटतो. म्हणजे स्तंभ वाढतो तो मुख्यतः वायू गेल्यामुळे, पाणी गेल्यामुळे नव्हे.

"असेल, पण फरक काय पडतो?" भरपूर पडतो. वाळण्याची गोष्ट खरी मानली तर गर्दी निर्दोष ठरते, आणि फोकसची उष्णता तर फायद्याचीच! पण ही अभिक्रिया दोन्ही दिशांनी चालते. आपल्या उच्छ्वासात सुमारे ४ टक्के, म्हणजे ४०,००० पीपीएम कार्बन डायऑक्साइड असतो. बाहेरच्या हवेत ४२० च्या थोडा वर. कोंदट दालनात तो साठला की थेंबातला वायू बाहेर पडेनासा होतो, वाढ मंदावते. वर आपल्या श्वासातली वाफ गार भिंतीवर जमते, तोच वायू शोषते आणि झालेलं काम विरघळवायला लागते. स्तंभ वर्षाला मिलिमीटरचा दहावा भाग वाढला तरी खूप. इथे अनडू नाही.

फ्रान्समधली लास्को गुहा १९४० मध्ये सापडली, १९४८ मध्ये लोकांना खुली झाली. दिवसाला हजारावर माणसं जाऊ लागली. भिंतींवर हिरवं शेवाळ आलं, चित्रांवर कॅल्साइटचा पांढरा थर चढू लागला. १९६३ मध्ये सरकारने ती बंद केली आणि १९८३ मध्ये शेजारी प्रतिकृती उभारली.

कुणी म्हणेल, गुहेत हा वायू नैसर्गिकरीत्याही वाढतो. मान्य. पण तो ऋतूंप्रमाणे चढतो-उतरतो. आपली लाट येते लाँग वीकेंडप्रमाणे.

आणि हे स्तंभ म्हणजे नुसती शोभा नाही. मेघालयातल्या मॉम्लू गुहेतल्या एका स्तंभात ४,२०० वर्षांपूर्वीच्या दुष्काळाची नोंद मिळाली आणि २०१८ मध्ये चालू भूवैज्ञानिक कालखंडाला 'मेघालयन' नाव मिळालं. चालू लॉग फाइलमध्ये कचरा लिहिणाऱ्या प्रोग्रामरला आम्ही उभं करत नाही. इथे मात्र तिकीट देतो!

गुहा बंद करा असं मी म्हणत नाही, स्थानिकांची पोटं तिच्यावर आहेत. पण काही हजारांत मिळणारं कार्बन डायऑक्साइडचं मीटर आत लावा, आकडा तिकीट खिडकीवर दाखवा आणि मर्यादा ओलांडली की खिडकी बंद करा. बास, एवढंच.

आणि हो, पुढच्या वेळी गाइड "वाळतं" म्हणाला, तर त्याला आपला ओला रुमाल दाखवा.