पहिला भाग नाही, म्हणून?



मागच्या महिन्यात जुम्याच्या दुपारी धाकट्या बहिणीचा फोन आला. सलाम-दुआ झाली आणि लगेच तक्रार सुरू झाली.

“आपा, तुम्ही शिक्षिका आहात, तुम्हीच सांगा. साहेबांनी शाळेच्या लायब्ररीतून नार्नियाचं पुस्तक आणलंय. त्यावर तीन नंबर छापलाय. म्हटलं, आधी एक आणि दोन वाच. तर म्हणतो, ती दोन्ही दुसऱ्या मुलांनी नेलीत. मधूनच वाचून त्याला काय कळणार? परत करायला लावू ना?”

“हो” अगदी ओठांवर आलं होतं. बी.एड.ला आम्हाला हेच तर शिकवलं होतं : सोप्याकडून कठिणाकडे जा, पायरी चुकवू नका. पण मी थांबले. कारण हाच निर्णय मी पूर्वी एकदा दिला होता, आणि तो चुकला होता.

दहा-बारा वर्षं झाली असतील. आमची शाळा उर्दू माध्यमाची. मी तिथे मराठी शिकवते, आणि पुस्तकांच्या कपाटाची चावीही माझ्याकडेच असते. कपाटात ‘तिलिस्म-ए-होशरुबा’ची, मुलांसाठी सोप्या उर्दूत केलेली भागवार पुस्तकं होती. पहिला भाग कोणी तरी नेऊन हरवला होता. सातवीतली एक मुलगी, वर्गात तोंड उघडायची नाही अशी, एके दिवशी स्वतःहून कपाटापाशी आली आणि चौथा भाग उचलून उभी राहिली. मी म्हटलं, “बेटा, अशा गोष्टी पहिल्यापासून वाचाव्यात. पहिला भाग मागवते, मग देते.” “जी टीचर” म्हणाली, पुस्तक जागेवर ठेवलं आणि गेली.

पहिला भाग काही आला नाही. वर्षअखेरीस पुस्तकांची नोंदवही तपासताना सहज तिचं नाव शोधलं. त्या वर्षात तिच्या नावावर एकही पुस्तक नव्हतं. पुढच्या वर्षी ती दुसऱ्या शाळेत गेली. तिच्या हातात आलेलं पुस्तक मी शिस्तीच्या नावाखाली काढून घेतलं होतं, हे मला तेव्हा कळलं.

म्हणून बहिणीला लगेच उत्तर न देता विचारलं, “पुस्तकाचं नाव काय?”

“द हॉर्स अँड हिज बॉय.”

मला हसू आलं. कारण या मालिकेत पहिलं कोणतं आणि तिसरं कोणतं, यावर मोठ्यांचंच एकमत नाही. नार्नियाची पुस्तकं एकूण सात. सी. एस. लुईस यांनी लिहिलेली. १९५० ते १९५६ या काळात दरवर्षी एक अशी ती आली. सर्वांत आधी आलं ‘द लायन, द विच अँड द वॉर्डरोब’. त्यात चार भावंडं एका जुन्या कपाटातून बर्फाळ देशात पोहोचतात. त्या देशाचा जन्म कसा झाला हे सांगणारं ‘द मॅजिशियन्स नेफ्यू’ आलं १९५५ मध्ये, सहावं. पण १९९४ नंतरच्या इंग्रजी आवृत्त्यांमध्ये प्रकाशकांनी कथेतल्या काळाप्रमाणे नंबर घातले. सहावं पुस्तक पहिलं झालं, पहिलं दुसरं झालं. आणि माझ्या भाच्याच्या हातातलं पुस्तक, जे १९५४ मध्ये पाचवं म्हणून आलं होतं, ते तिसरं झालं.

गंमत म्हणजे हे भांडण लेखकापर्यंतही गेलं होतं. अमेरिकेतल्या एका मुलाचं आणि त्याच्या आईचं यावरूनच वाजलं. आईचं म्हणणं, जशी छापली तशी वाच. मुलाचं म्हणणं, गोष्टीत जे आधी घडलं ते आधी. मुलाने सरळ लुईसना पत्र लिहिलं. १९५७ मध्ये त्यांचं उत्तर आलं. त्यांनी मुलाची बाजू घेतली, पण हेही कळवलं की पहिलं पुस्तक लिहिताना पुढची लिहायचं मनात नव्हतं, आणि कुठल्या क्रमाने वाचली याने कदाचित फारसं बिघडत नाही.

माझं मत विचाराल तर कपाटाच्या पुस्तकापासून सुरुवात करावी. बर्फात, झाडांच्या मधोमध रस्त्यावरचा एक दिवा जळतो आहे. हा इथे कसा, हे त्या मुलीला कळत नाही आणि आपल्यालाही कळत नाही. त्याचं उत्तर ‘मॅजिशियन्स नेफ्यू’मध्ये आहे. ते आधी वाचलं तर उत्तर मिळतं, पण प्रश्न पडायचा राहून जातो. वर्गातही असंच असतं. प्रश्न न पडलेल्या मुलाला दिलेलं उत्तर संध्याकाळपर्यंतही टिकत नाही.

मग भाच्याला थांबवायचं का? इथे दोन प्रकारच्या मालिका वेगळ्या ओळखायला हव्यात.

एक प्रकार साखळीचा. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ १९५४-५५ मध्ये तीन खंडांत छापली गेली, पण ती मुळात एकच कादंबरी आहे. दुसरा खंड आधी उघडणं म्हणजे सिनेमाला मध्यंतरानंतर जाणं. हॅरी पॉटरची सात पुस्तकंही अशीच. मुलगा वर्षावर्षाने मोठा होतो, पहिल्या पुस्तकात दडवलेलं रहस्य सातव्यात उलगडतं. ही मालिका मराठीतही आली आहे. तिथे मुलांना सांगा, पहिल्यापासूनच वाच. पहिलं मिळवायला आपणही थोडी धावपळ करावी.

दुसरा प्रकार मोहल्ल्याचा. मोहल्ला एकच, घरं वेगवेगळी, प्रत्येक घराची गोष्ट वेगळी. भाच्याच्या हातातलं पुस्तक असंच आहे. त्यातला नायक वेगळा, देश बराचसा वेगळा, आणि गोष्ट त्याच पुस्तकात सुरू होऊन त्यातच संपते. ती चार भावंडं त्या देशाचे राजे-राण्या होतात, एवढं एक गुपित मात्र आधी फुटतं. तेवढं चालतं. पण याच मालिकेतलं शेवटचं ‘द लास्ट बॅटल’ मात्र शेवटीच वाचावं.

मात्र बहिणीला मी एक गोष्ट आवर्जून सांगितली. या पुस्तकात कॅलॉर्मन नावाचा एक देश आहे. तिथले लोक सावळे, दाढीवाले, पगडी बांधणारे, वाकड्या तलवारी बाळगणारे, आणि बहुतेक जण क्रूर किंवा कपटी. हे चित्र कुठून उचललं असेल, हे आपल्या मुलांना सांगावं लागत नाही. अनेक वाचकांनी आणि टीकाकारांनी त्यावर बोट ठेवलं आहे. लुईस हे ख्रिस्ती श्रद्धेचे लेखक होते आणि ती श्रद्धाही मालिकेत उतरली आहे. म्हणून मी पुस्तक बंद करा म्हणत नाही. त्याच देशाची अराविस नावाची मुलगी या गोष्टीत आहे, आणि तिच्यासारखी धीट मुलगी पूर्ण मालिकेत शोधावी लागेल. पण ज्या मुलाची नार्नियाशी पहिली ओळखच या पुस्तकाने होणार, त्याच्याबरोबर आईने किंवा मामूने दोन प्रकरणं तरी बसून वाचावीत. “हे लोक असे का दाखवले असतील?” असं विचारावं. क्रमाची चिंता करायचीच तर ती इथे करावी. मनावर पहिला ठसा कशाचा उमटतो, हे पाहावं.

आपल्या उर्दू दास्तानांचं पाहा. लखनौच्या नवल किशोर प्रेसने अमीर हमजाची दास्तान ४६ जाडजूड जिल्दींत छापली. ‘तिलिस्म-ए-होशरुबा’ हा तिचाच एक भाग, १८८३ पासून छापलेला. पहिल्या चार जिल्दी मुहम्मद हुसैन जाह यांनी लिहिल्या आणि पुढच्या अहमद हुसैन कमर यांनी. पण कथेत जो ‘नौशेरवाननामा’ सर्वांत आधी येतो, तो छापला गेला होशरुबानंतर. म्हणजे पहिल्या वाचकांच्या हाती ही दास्तान मधूनच आली. त्याआधी दिल्लीत जामा मशिदीच्या पायऱ्यांवर दास्तानगो बसत, तेव्हा तरी काय होत असेल? चालता चालता जो थांबला, त्याच्यासाठी गोष्ट तिथूनच सुरू. “आधी काय झालं मियाँ?” असं शेजारच्याला विचारायचं आणि बसायचं.

या शेजारच्या माणसावरूनच मला एक उपाय सुचला. आता आमच्या कपाटातल्या मालिकांच्या पुस्तकांत, पहिल्या पानाशी एक चिठ्ठी असते. ज्या मुलाने आधीचा भाग वाचला त्याने पाच ओळींत लिहायचं : आतापर्यंत काय घडलं, कोण कोणाचं कोण, आणि कोणतं गुपित मी सांगणार नाही. ती शेवटची ओळ मुलं सगळ्यात मन लावून लिहितात. उर्दूत लिहा, मराठीत लिहा, मी अडवत नाही. यात लिहिणाऱ्याचा सारांशलेखनाचा सराव होतो आणि वाचणाऱ्याला वाट सापडते. घरीही करता येईल. मोठ्या बहिणीने धाकट्या भावासाठी लिहावी. पुस्तक एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती जाताना दोघं चार शब्द बोलतील, हाही फायदाच.

बहिणीला शेवटी एवढंच म्हटलं, “वाचू दे. आणि दोन प्रकरणं तू त्याच्याबरोबर वाच.”

आठ दिवसांनी तिचा परत फोन. “आपा, संपवलं त्याने. आता म्हणतो, ते राजे-राण्या तिथे आले कुठून? कपाटवालं पुस्तक कुठे मिळेल?”

ते पुस्तक मी विकत घेऊन पाठवलं. त्याच दुकानातून ‘तिलिस्म-ए-होशरुबा’चा पहिला भागही आणायला सांगितला आहे. मिळाला तर आमच्या कपाटात ठेवीन. नाही मिळाला, तरी चौथा भाग तिथेच आहे, आणि त्यात चिठ्ठीही आहे. मागेल त्याला तो देते. पहिला वाचलास का, असं विचारत नाही.